जेडचं भांडं बघायला धायरी ते खराडी

पुण्याच्या एका टोकाच्या धायरीहून दुसऱ्या टोकाच्या खराडीला जाणं म्हणजे आमच्याकडे प्रवासच. निमित्त जेडचं. जेड हा हिरवट, भलताच कठीण दगड. चीनमधले विद्वान पूर्वी लिहायच्या टेबलावर त्याची कोरीव भांडी ठेवत, ब्रश धुवायला, शाईत पाणी घालायला. खराडीत राहणारी माझी मैत्रीण संध्या नोकरीसाठी शांघायला होती, तिने येताना तशी काही आणली. माझे बाबा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तेही निघाले, याचं मला नवल वाटलं. हात थरथरायला लागल्यापासून ते चारचौघांत चहासुद्धा घेत नाहीत. घरीही अर्धाच कप, सांडू नये म्हणून.

स्वारगेटपर्यंत बस, मग मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून रामवाडी, पुढे रिक्षा. सिंहगड रोडचा भरवसा नाही, सकाळी लवकर निघा. रामवाडीला मी मिसळ खाल्ली, बरी होती. बाबा नुसतेच बसले. म्हणाले, "तू खा. मला शर्टाला रस्सा पाजायची हौस नाही."

संध्याच्या कपाटावर पाटी होती: 'वस्तू हातात घ्याव्यात. फोटो काढू नयेत.' म्हणून इथे फोटो नाही. तिने पीचच्या आकाराचं ब्रश धुवायचं भांडं काढलं. काठावर वटवाघूळ कोरलेलं.

"हे कशाला इथे?" बाबा म्हणाले.

"तिकडे ते शुभ असतं, काका."

"इकडच्या वटवाघळांना कुणी कळवलेलं दिसत नाही."

जेडवर छिन्नी चालत नाही. वाळूसारखी कठीण पूड आणि पाणी घेऊन तो घासत बसावं लागतं, तेव्हा कुठे असा पंख निघतो. भांडं हातात घेतलं तेव्हा गार लागलं, मग हळूहळू कोमट झालं. बाबांनी हात पाठीमागे बांधले होते, नजर मात्र भांड्यावरच. उगाच आणलं यांना, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

संध्या आतून टॉवेल घेऊन आली. त्याची जाड घडी जमिनीवर ठेवली. "असं खाली बसूनच बघायचं, काका. घडीपासून चार बोटं वर धरायचं, म्हणजे निसटलं तरी फुटत नाही."

बाबा बसले. भांडं त्यांच्या हातात थरथरत राहिलं, पण पडलं नाही. पंखाखाली अंगठा फिरवत ते म्हणाले, "आतूनही घासलंय की." मग त्यांचे प्रश्न संपेनात.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. भांडं किती जुनं, हे विचारायचं राहूनच गेलं. मी चहा केला आणि सवयीने बाबांचा कप अर्धा भरला. ते आतून टॉवेल घेऊन आले, घडी घातली आणि जमिनीवर बसले.

"पूर्ण भर," ते म्हणाले.

मी घुटमळले.

"सांडला तर टॉवेल आहे."