मॅक्सीनच्या शेजारची खुर्ची

हेवा हा नवऱ्याबिवऱ्यांच्या भानगडीत होतो, अशी वाळवंटाकडेच्या बारस्टो गावातल्या वर्ना टॅकेटची साठी उलटेपर्यंत समजूत होती. बाईने जन्मभर शाळेची बस चालवली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वेड एकच, वाळवंटात जाऊन आगगाड्या बघायचं, आणि त्यातली सोबतीणही एकच, मॅक्सीन. दर वसंतात एक दिवस दोघी घडीच्या खुर्च्या घेऊन रुळांपासून जरा लांब बसायच्या आणि इंजिनवाल्याला हात करायच्या. त्याने भोंगा वाजवला की दोघी खूश. जागा वर्नाने ठरवायची, सँडविचं मॅक्सीनने करायची.

यंदा बेत ठरवायला वर्ना मॅक्सीनकडे गेली, तर टेबलाशी तिसरीच बाई बसलेली.

"ही ग्लेंडा. ॲरिझोनाहून राहायला आलीय, आमच्या चर्चमध्ये येते," मॅक्सीन म्हणाली. "हिलाही गाड्यांचा नाद आहे. यंदा आपल्याबरोबर येतेय."

"वा," वर्ना म्हणाली, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना.

शनिवारी दुपारी जुन्या लाल-रुपेरी रंगातलं इंजिन जाणार, ही बातमी ग्लेंडानेच आणलेली. त्या इंजिनासाठी मॅक्सीन किती वर्षं झुरत होती ते वर्नाला ठाऊक. आणि बातमी मेली मिळावी कोणाला, तर हिला. वर फोनवर सूर्य कुठून कुठे सरकणार तेही बाईसाहेबांनी काढून ठेवलेलं.

"इथे बसू," ग्लेंडाने नकाशावर बोट ठेवलं. "ऊन पाठीशी येतं. इंजिन समोरून लख्ख दिसेल."

"हुशार आहेस हं," मॅक्सीन म्हणाली. वर्नाला तिने इतक्या वर्षांत एकदाही हुशार म्हटलं नव्हतं.

ऊन बघून जागा धरणारे तिथेच फसतात. त्या बाजूला मुख्य रुळांच्या अलीकडे गाड्या बाजूला उभ्या करायची जोडलाइन आहे. मालगाडीवाल्यांच्या कामाचे तास संपले की ते गाडी तिथे उभी करून व्हॅनने निघून जातात. मग दुसरे लोक येईपर्यंत समोर मैलभर डब्यांची भिंत. वर्नाने एक वाक्य बोलायचं, की काम झालं असतं.

"तुला कशी वाटते गं जागा?" मॅक्सीनने विचारलं.

"छान आहे की." होऊ दे बयेची फजिती, म्हणजे मॅक्सीनला कळेल कोणाला काय येतं ते.

शनिवारी ग्लेंडाने आपली खुर्ची नेमकी मॅक्सीनच्या शेजारी मांडली. वर्ना कडेला बसली आणि धुमसत राहिली. दुपारी मालगाडी आली, समोर येऊन थांबली. चालक उतरला, तिघींना हात केला, व्हॅनमध्ये बसून गेला. पलीकडे जायचा रस्ता कितीतरी लांब. थोड्याच वेळात डब्यांच्या मागून भोंगा ऐकू आला, पायाखालची जमीन थरथरली, आणि लाल-रुपेरी इंजिन निघून गेलं. दिसलं काहीच नाही.

ग्लेंडा रडायच्या बेताला आली. "माझंच चुकलं. मॅक्सीन, मला माफ कर."

वर्नाच्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोला.

"तुझं नाही चुकलं," मॅक्सीन म्हणाली. "इथे गाड्या उभ्या करतात, हे वर्नाला ठाऊक असणार. इतकी वर्षं जागा तीच ठरवते." ती वर्नाकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "जूनमध्ये मी ओहायोला जातेय, मुलीकडे. कायमची. डोळे वर्षभरसुद्धा टिकायचे नाहीत म्हणाला डॉक्टर. तुला सांगायचा धीर होईना. म्हटलं, आधी तुला कोणीतरी सोबत बघून द्यावी. एकटी कुठे येऊन बसशील इथे."

वर्ना म्हणाली, "इंजिन परत येईल गं. जूनच्या आधी नक्की येईल."

"येईल ना," मॅक्सीन म्हणाली. "तुम्ही दोघी बघा."