उलटी मूठ आणि थोरली जाऊ

चाकू उलटा धरायचा म्हणजे नेमका कसा, हे मला पहिल्या शनिवारी अजिबात कळलं नाही. पातं अंगठ्याकडून वर काढून धरला, तर मॅडम म्हणाल्या, हे सुलटं. फिरवला, तर टोक माझ्याच पोटाकडे आलं. डाव्या हातात घेतला, तर आणखीच भलतं झालं. चाकू रबराचा होता म्हणून बरं, नाहीतर स्वसंरक्षण शिकता शिकता मला दवाखान्यात न्यायची वेळ आली असती.

मी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. राहायला कारेगावात दोन खोल्या, घर मात्र केंदूरला. कंपनीने आम्हा बायकांसाठी चार शनिवार ट्रेनिंग ठेवलं होतं. पहिली पाळी सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला सारायची आणि मधल्या फरशीवर उभं राहायचं. शिकवायला दौंडच्या रेल्वे कॉलनीतली एक पंचविशीची पोरगी यायची, स्कूटीवर, चौफुल्यावरून. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला मावशी. एवढीशी पोरगी, पण आवाज असा की सुपरवायझरसुद्धा दारातून मागे फिरायचा.

तिने उंची बघून जोड्या लावल्या. माझ्यासमोर जी येऊन उभी राहिली ती माझी थोरली जाऊ.

अक्का त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये काम करतात, दुसऱ्या पाळीला. मी सुटते तेव्हा त्या आत येतात; ट्रेनिंगच्या शनिवारी तेवढी त्यांना तासाभराची सूट होती. गेटवर रोज गाठ पडायची आणि रोज त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या. चार वर्षं त्यांना पिशवीत ते काय ते सापडलेलं नव्हतं. चार वर्षांत आमच्यात एक शब्द नाही.

कारण सांगते. थोरले दीर वारले, आणि त्यानंतर वर्षभरात माझ्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे हळद कुटायला पाच सवाष्णी लागतात. उखळात हळकुंडं घालायची आणि मुसळाला पहिला हात थोरल्या सुनेचा. अक्का हिरवी साडी नेसून, पदर खोचून उखळापाशी आल्या होत्या. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही जरा आत चहाचं बघा." एवढंच म्हणाले. त्या आत गेल्या. शंभर माणसांचा चहा केला, सगळ्यांना दिला, लग्न पार पडल्यावर भांडी मोजून ठेवली आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की बायकांच्या नजरांपासून मी त्यांना वाचवलं. पुढे वाटायला लागलं की वाचवलं ते मी स्वतःलाच. खरं काय ते मला आजही धड सांगता येत नाही. आणि आता मुलाचं लग्न ठरलं होतं. चौथ्या शनिवारनंतरच्या गुरुवारी हळद. सगळ्या गावाला आमंत्रणं गेली, अक्कांना गेलं नव्हतं. मी नवऱ्याला म्हणायची, "तुमची भावजय हाय, तुम्ही जा." तो म्हणायचा, "बोललीस तू, तूच जा." असं आमचं रोज जेवताना चालायचं. त्या आल्या नाहीत तर घरची थोरली सून दाराबाहेर ठेवून मी मुलाला हळद लावणार होते. आणि आल्या तर त्यांना कुठं उभं करणार होते, हेही मला ठाऊक नव्हतं.

त्या पहिल्या शनिवारी आणखी एक गंमत झाली. मॅडम म्हणाल्या, आता चाकू जोडीदाराला द्या. मी तो फरशीवर ठेवला आणि अक्कांनी वाकून उचलला. मॅडम ओरडल्या, "मावशी, खाली का टाकता? हातात द्या!" मग त्यांनी मान वळवून पाहिलं तर सगळ्याच बायका चाकू खाली ठेवत होत्या आणि समोरच्या वाकून उचलत होत्या. चाकू, कात्री, मिरची एकमेकींच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मॅडमना मात्र हे नवीनच होतं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, भांडणाचीच तर प्रॅक्टिस करतोय आपण!"

दुसऱ्या शनिवारी मी मॅडमशी वाद घातला. मला न कळलेली गोष्ट गप्प बसून गिळता येत नाही. मी विचारलं, "तुम्हीच म्हणता चाकू दिसला की आधी पळा. मग आम्ही तो धरायला का शिकायचा? आम्ही काय कुणाला मारणार हाय?"

"पळायचंच, मावशी," त्या म्हणाल्या. "पळायला वाट नसेल तेव्हा हे. आणि तुम्ही स्वतः धरून बघितल्याशिवाय समोरच्याचा हात कुठून येणार ते कळायचं नाही. बरं, घरी मुसळ कसं धरता? मूठ वर, मार खाली. झालं, हीच उलटी पकड."

बायकांना एकदम उमगलं. सगळ्या हसत हसत हवेत कुटायला लागल्या. एकीने तर हळदीचं गाणंही धरलं. माझा हात तसाच राहिला. अक्कांनी चाकू फिरवून मुठीत घेतला, अंगठा वर बसवला, मुसळासारखा.

वार वरून येणार, मी आपला हात आडवा घालून त्यांचं मनगट अडवायचं, बाजूला पाऊल टाकायचं आणि सुटायचं. सोपं होतं. पण पाऊल उजवं टाकायचं की डावं, याचा माझ्या डोक्यात गोंधळ झाला आणि रबरी टोक माझ्या खांद्यावर बसलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हला की!" मी हलले नाही. दुसरा बसला. तिसरा बसला. रबर असलं तरी लागतं. मॅडमनी सगळ्यांना थांबवून अक्कांकडे बोट दाखवलं, "बघा, मूठ बघा ह्यांची. अशी पाहिजे." सगळ्या बायका अक्कांच्या मुठीकडे बघायला लागल्या. मला त्यांचा राग आला, लाज वाटली आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. चार वर्षं तोंड फिरवणारं माणूस निदान समोरून मारत तरी होतं.

तिसऱ्या शनिवारी अक्का आल्याच नाहीत. मी एका बारीक पोरीबरोबर जोडी केली आणि तिचे सगळे वार व्यवस्थित चुकवले. मॅडमनी शाबासकी दिली. माझं लक्ष दाराकडे. माझ्यामुळेच आल्या नाहीत असं धरून मी घरी जाऊन नवऱ्यावर उगाच खेकसले. सोमवारी कळलं की कँटीनला माणूस कमी होतं म्हणून त्यांना ती सूट मिळाली नव्हती, त्या आत भटारखान्यातच होत्या. माझ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मग मला त्याचंही वाईट वाटलं.

शेवटच्या शनिवारी त्या आल्या. आधी मारायची पाळी माझी होती. मी वार केले ते इतके मरतुकडे की मॅडम म्हणाल्या, "मावशी, माशी हाकलताय का?" अक्कांनी ते नुसत्या दोन बोटांनी बाजूला केले. मग अदलाबदल. मी सवयीने चाकू ठेवायला वाकले.

"हातात दे," अक्का म्हणाल्या.

चार वर्षांतले पहिले शब्द. मला आधी वाटलं मॅडमच बोलल्या.

"अक्का, हातात देऊ न्हाई..."

"भांडण व्हतं. ठावं हाय मला. ते तर कवाच झालंय. आता आन् काय व्हायचं राह्यलंय? दे."

मी दिला. कुठली बाजू पुढे करावी तेही मला सुचेना, पातं माझ्याच मुठीत राहिलं आणि दांडा त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो उलटा धरला आणि हात उचलला. या वेळी माझं पाऊल आपोआप पडलं. मी त्यांचं मनगट हवेतच दोन्ही हातांनी धरलं. आता ते ढकलून पळायचं होतं, पण मी सोडलंच नाही. बांगडी नसलेलं ते मनगट माझ्या हातात होतं.

"गुरुवारी हळद हाय," मी म्हणाले. "घरी, केंदूरला."

"व्हय का? चहाचं बघाया?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं ते आलंच, लपवायला हात मोकळा नव्हता. "न्हाई, अक्का. मुसळ धराया. पैला हात तुमचा."

"बायका बोलतील."

"बोलू द्या."

असं मी म्हणाले खरं, पण बायका बोलायला लागल्यावर मी काय करणार होते ते मला त्या क्षणीही माहीत नव्हतं. मागून मॅडम ओरडत होत्या, "मावशी, धरून काय बसलाय? सोडा आणि पळा!" आजूबाजूच्या जोड्या थांबून आमच्याकडे बघायला लागल्या होत्या. अक्कांनी हळूच मनगट सोडवून घेतलं. चाकू डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने माझा खांदा चाचपला, दुसऱ्या शनिवारी लागलं होतं बरोबर तिथंच. मग चाकू परत माझ्या हातात दिला, हातातून हातात.

"येते," त्या म्हणाल्या. "पर चहा तू कर."