पुजाची सुतळी

आखाडा बाळापूरच्या अलीकडं एका वस्तीवर सखुबाई सव्वीस वर्षांपासून अंगणवाडी चालवते. चालवते म्हणजे लेकरं गोळा करते, त्यांचे शेंबूड पुसते, गाणी म्हणते आणि उरलेल्या वेळात लेकरांची उंची-वजनं भरायच्या सरकारी मोबाईलची सेवा करते. मोबाईल लेकरांपेक्षा हट्टी. लेकरू निदान रडून सांगतं काय होतंय ते. हा नुसता गोल गोल फिरत बसतो.

जूनमध्ये वरून नवं फर्मान आलं. बालगणित! लेकरांनी आपापली उंची आणि वजन मोजायचं, म्हणजे त्यांना लहान-मोठं, जड-हलकं कळेल. सखुबाईला हसू आलं. शेळ्या-मेंढ्यांत लोळून वाढलेली ही लेकरं; कोणतं करडू जड आणि कोणतं हलकं, हे त्यांनीच एखाद्या साहेबाला शिकवलं असतं. पण फर्मान ते फर्मान. लेकरांना आकडे तर वाचता येत नाहीत, मग मोजायचं कसं, हे सांगायला मात्र फर्मान विसरलं होतं.

सखुबाईनं आपलंच डोकं लढवलं. घरी हळदीच्या पोत्यांची सुतळी पडून होती. लेकराला भिंतीशी उभं करायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरून कापायची आणि ज्याची त्याची खिळ्याला टांगायची. सहा महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा डोक्यापासून सोडायची. टाचेपर्यंत पोचली नाही, आखूड पडली, की समजायचं लेकरू वाढलं. उत्तर बरोबर आलं की सखुबाई म्हणायची, "शाब्बास!" त्या एका शाब्बासकीसाठी लेकरं जीव टाकायची.

तालुक्याच्या पर्यवेक्षिका पुनम मॅडमना ही कल्पना फारच आवडली. इतकी, की वर कळवताना त्यांनी ती स्वतःचीच म्हणून कळवली. थोर माणसांना असा विसर पडतोच. मग काय, डिसेंबरात जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी सखुबाईनं रंगीत तालीम घेतली. एकेकाची सुतळी आखूड पडत गेली आणि अंगणवाडीत नुसता दंगा झाला. शेवटी आली चार वर्षांची पुजा. तिची सुतळी टाचेला बराबर टेकली. ना इकडं, ना तिकडं.

"बाई, हिची आखूड झालीच न्हाई!" पोरं ओरडली. पुजानं खाली बघितलं आणि हळूच टाचा उचलल्या.

सखुबाईनं घाईघाईनं सुतळी खिळ्याला टांगली. कारण मोबाईलात पुजा दर महिन्याला वाढत होती. अर्धा सेंटिमीटर, नेमानं, बिनचूक. वजनही चढत होतं. मॅडमनी बजावलंच होतं, "आपल्या भागात लाल लेकरू नको हं." लाल म्हणजे वजन इतकं कमी की दवाखान्यात भरती करायलाच हवं. तसं एखादं निघालं की चौकशा सुरू, मॅडमना तकलीफ. तेव्हा सखुबाईनं पुजाला हिरवी ठेवली होती. बोटाचं तर काम. खिचडीपेक्षा ते लवकर व्हायचं.

दुपारी मॅडम तयारी बघायला आल्या. पुजाची सुतळी बघून म्हणाल्या, "अहो, मग कापा ना दोन बोटं! आणि उद्या हिला पोटभर पाणी पाजून आणायला सांगा. काटा जरा पुढं सरकेल."

पुजाची आजी चांगुणाबाई नातीला न्यायला आली होती. शेळ्या हाकायची काठी टेकून दारातच उभी होती. ती म्हणाली, "बाजाराच्या दिशी बोकडाला आमी असंच मीठ चारून पाणी पाजतो. लेकराला कोन्या बाजारात उभं करून राहिले तुमी?"

मॅडमना तेवढ्यात फोन आला. वाजला मात्र नव्हता.

त्या गेल्यावर सखुबाईनं कात्री घेतली. सव्वीस वर्षांत एक मेमो नाही, आता कशाला? कच्चकन दोन बोटं सुतळी पुजाच्या पायाशी पडली. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, हार झाला, व्हिडिओ सुरू झाला. पुजाची पाळी आली. सुतळी टाचेच्या वर दोन बोटं लोंबत राहिली.

"व्वा! केवढी वाढली ही!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी जास्त जोरात वाजवल्या.

पुजानं मात्र खाली वाकून बघितलं. फ्रॉकच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि मोकळ्या जागेत धरला. बराबर बसला.

"ह्यो हिथला हाय," ती म्हणाली. "काल बाईनं कापला."

"फार खोडकर आहे हो," मॅडम हसल्या.

"काय म्हणते ही, बाई?" साहेबांनी विचारलं.

'लेकरं काय, काहीबी बोलतात', एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द सखुबाईच्या ओठांवर आलेही. पण पुजा तुकडा धरून तिच्याकडंच बघत होती. पोरीनं गणित सोडवलं होतं आणि आता ती शाब्बासकीची वाट बघत होती.

"शाब्बास, पुजे," सखुबाई म्हणाली. "बराबर हाय. साहेब, ही पोरगी सहा महिन्यांत तसूभर वाढली न्हाई. मोबाईलात खोटं मी लिवलं."

पुजाला काट्यावर उभं केलं. साडेदहा किलो. मोबाईल लाल झाला. व्हिडिओ तर कधीच बंद झाला होता.

चार दिवसांत मेमो आला, सखुबाईलाच. मॅडमनी त्यावर सही मोठ्या वळणदार अक्षरात केली होती. पण त्याच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, पुजाला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. चांगुणाबाई गाठोडं घेऊन आत बसली. पुजा तेवढी अंगणवाडीच्या दारात अडून उभी राहिली आणि तिनं खिळ्यावरची सुतळी मागितली. सखुबाईनं सकाळीच नवी, पुऱ्या मापाची कापून ठेवली होती. ती तिच्या हातात दिली.

पुजानं ती मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "आता तुमी कापू नका, बाई. मीच आखूड करते."