ढोलावरचं नाव

जुन्नरच्या बाजारात माझं पेंटरचं दुकान होतं, तेव्हा अजून फ्लेक्स आले नव्हते. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची फुलं, निवडणुकीच्या भिंती, लग्नाच्या बँडचे ढोल, सगळं मी हातानं रंगवायचो. या धंद्यात एक खोड लागते. कुणाला आपलं नाव केवढ्या अक्षरात हवंय हे कळलं, की त्याच्या पोटात काय आहे तेही कळलं असं वाटायला लागतं. त्यात मी मूळचाच संशयी. बायको म्हणायची, तुम्हाला दुधातसुद्धा कुणीतरी लपलेलं दिसतं.

एका पावसाळ्यात ओढा फुगून खालच्या आळीत शिरला आणि बँडमास्तरांची खोली छपरापर्यंत बुडाली. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. हाताखाली गावातल्या सगळ्या आळ्यांतली माणसं होती. पाणी ओसरल्यावर मी बघायला गेलो. ट्रंपेट धुऊन पुसून उन्हात मांडले होते. क्लॅरिनेटच्या भोकांवरच्या गाद्या फुगल्या होत्या, जरीचे कोट कुजले होते, आणि मोठ्या ढोलाच्या लाकडाचे पदर सुटले होते. त्या ढोलावर बँडचं नाव मीच काढलेलं होतं, धंद्यात नवा असताना. ढोलाच्या तोंडावर जे चामडं ताणतात त्याला पान म्हणतात; नाव त्याच्यावर होतं. ते पान मला तिथं दिसलं नाही. वाहून गेलं असेल असं मी धरून चाललो.

मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते. "तुळशीच्या लग्नाच्या आत वाजवाय उभं न्हाय राहिलो तर माणसं पांगतील, पेंटर. कुणी दुसऱ्या बँडात जाईल, कुणी वीटभट्टीवर. पांगलेली माणसं परत जमत न्हाईत."

आम्ही बाजारातल्या लोकांनी वर्गणी काढली. तिच्यातून कोट शिवले, क्लॅरिनेट दुरुस्त झाली. मोठा ढोल आणि साइड ड्रम मात्र आवाक्याबाहेरचे होते. ते द्यायला पुढं आला एका पतसंस्थेचा चेअरमन. झेडपीच्या तिकिटावर त्याचा डोळा आहे हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या भिंती मीच रंगवत होतो.

तो जीपमधून उतरून दुकानात आला. "पेंटर, ढोलावर आपलं नाव येऊ द्या. ठसठशीत. बँडचं खाली बसंल तेवढं."

झालं, मनात म्हटलं, हा काही पूरग्रस्तांचा कैवारी नव्हे. याला वरातीत पुढं चालणारी भिंत हवी आहे.

मास्तरांना विचारलं, "चालेल तुम्हाला?"

"चालंल न्हाय तर काय? माणसं बसून हायेत," ते म्हणाले. पण दुसऱ्याच बाबतीत अडून बसले. ढोल जुन्याच मापाचा पाहिजे, बोटभरही कमीजास्त नको. त्यासाठी सुतळीला गाठी मारून ते स्वतः चेअरमनच्या जीपमधून पुण्याला गेले. फुकटच्या ढोलाला एवढी मोजमापं कशाला? दुकानदाराशी काहीतरी साटंलोटं असणार, असं मला वाटलं.

पुढं ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो, तर आतल्या खोलीत भिंतीला टेकवलेलं काहीतरी गोल, गोणपाटात गुंडाळलेलं दिसलं. माझी नजर तिकडं गेली तशी मास्तरांच्या बायकोनं दार ओढून घेतलं. मी वाटी तशीच खाली ठेवली. म्हणजे पुरात गेलं म्हणून आम्ही वर्गणी काढली ते सामान शाबूत होतं? वर्गणीत मीही पैसे घातले होते. मी कुणाला बोललो नाही, पण त्यानंतर मास्तर समोर आले की मी मान खाली घालून रंगाचे डबे हलवायला लागायचो.

चेअरमनचं नाव मी ठसठशीत काढलं, आणि स्टेजवर हार घालून ढोल दिला गेला. सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या आणि लग्नसराई सुरू झाली. घोळ पहिल्याच महिन्यात झाला. येडगावकडच्या एका लग्नात नवरीचा मामा दुसऱ्या पार्टीचा निघाला. त्यानं ढोलावरचं नाव वाचलं आणि त्यावर टॉवेल बांधला. टॉवेल बांधलेला ढोल काय वाजणार? वरात तशीच फुसफुसत दारात गेली. मग अशा गावांतून सुपाऱ्या परत यायला लागल्या. मास्तरांनी तोड काढली. नाव ढोलाच्या एकाच बाजूला होतं. ज्या गावात चेअरमन चालत नाही तिथं ढोलवाला ते नाव भिंतीकडं करून रस्त्याच्या कडेकडेनं चालायचा. लोक हसायचे. मास्तर हसत नव्हते. एक ट्रंपेटवाला नारायणगावच्या बँडात गेलाच.

निवडणूक झाली आणि चेअरमन पडला. पुढच्या सराईच्या तोंडावर, रविवारच्या बाजारात, त्याची दोन माणसं टेम्पो घेऊन बँडच्या खोलीसमोर उभी राहिली. मी हातातला ब्रश तसाच घेऊन गेलो.

"सायबांनी त्यांच्या नावाचा ढोल मागवलाय," एक जण म्हणाला.

"न्या की," मास्तर म्हणाले. खाली बसून त्यांनी पाना घेतला, एकेक बोल्ट सैल केला आणि कड्यासकट पान उचलून त्या माणसाच्या हातात दिलं. "ह्ये सायबांचं नाव. ढोल त्यांनी हार घालून आमाला दिलाय, ह्या बाजारानं बघितलाय. परत पायजे आसंल तर त्यांनी हितं यावं आन् बाजाराला सांगावं."

माणसं इकडंतिकडं बघायला लागली. भाजीवाल्या बायका तराजू धरून थांबल्या होत्या. शेवटी ते पान टेम्पोत टाकून दोघं निघून गेले.

मास्तर घरी गेले आणि गोणपाटातलं ते गोल घेऊन आले. गोणपाट सोडलं. आत माझंच पान होतं, बँडचं नाव असलेलं, पुरात भिजून डागाळलेलं. त्यांनी ते सावलीत वाळवून, तेल चोळून, कड्यावर ताणून ठेवलं होतं. नव्या ढोलावर ते बरोब्बर बसलं. सुतळीच्या गाठी मला आता कळल्या. मनात धरलेलं सगळं आठवून मान वर होईना.

"अक्षरं पुसाट झाल्यात, पेंटर. जरा गिरवा," ते म्हणाले.

"मला आधी सांगायचं ना, मास्तर. त्या दिवशी दार लावून घेतलं."

"तुमी त्यांच्या भिंती रंगवत व्हता," ते सरळ म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी डबा उघडला. माझी ती जुनी, थोडी वाकडी अक्षरं गिरवायला बसलो. इतकी वर्षं मास्तर माझ्यावर काम सोपवून बिनघोर चहाला निघून जायचे आणि मी बोलवीन तेव्हा यायचे. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या हाताजवळ बसले. शेवटचं अक्षर पुरं होऊन मी ब्रश धुवेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.