रेवदंड्याच्या हॉटेलातली विहीर

आईला समुद्र दाखवायला यवतमाळहून एवढ्या लांब रेवदंड्याला आणलं, आणि ती हॉटेलच्या अंगणातल्या विहिरीपाशीच अडली. मी वैतागले. कुण्या व्यापाऱ्याच्या जुन्या घराचं केलेलं देखणं हॉटेल. मोजक्याच खोल्या, नक्षीचे खांब, पांढऱ्याशुभ्र चादरी. मोबाइलवर फोटो बघूनच मी हरखून गेले होते. आता मला खोली बघायची होती, गच्चीवरून समुद्र बघायचा होता, सगळं एकदमच हवं होतं. आणि आई चष्मा पुसून विहिरीवरची पाटी मोठ्यानं वाचत उभी.

‘पाहुण्यांनी स्वतः पाणी काढून पाहावे.’

“म्हंजे कोनीबी?” तिनं विचारलं.

“हो आजी, कोणीही,” हॉटेलची व्यवस्था बघणारी मुलगी हसून म्हणाली. “फक्त वाकू नका हं, कठडा बुटका आहे.”

त्या मुलीला प्रश्न कळलाच नाही. मला मात्र चांगलाच कळला. आईच्या लहानपणी आमची माणसं बौद्ध झाली होती, गाव मात्र होतं तसंच होतं. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. पुढं वस्तीत हातपंप आला, मग घरात नळ आला. पण दोर सोडून विहिरीचं पाणी काढायचं तेवढं राहूनच गेलं, असं ती भाकरी थापता थापता कधीतरी बोलायची. माझा वैताग कुठच्या कुठं पळाला.

“काढ न व आई!”

“दोर सुटला तं?”

“सुटला तं सुटला. मी हावो ना!”

तिनं पदर खोचला. बादली खाली गेली, धप्प आवाज आला आणि आई खुदकन हसली. चाक करकरायला लागलं. मी दोराला हात लावायला गेले तर खेकसली, “सरक तिकडं! मी काढून राह्यली ना!” बादली वर आली तेव्हा अर्धं पाणी तिच्याच पातळावर सांडलं होतं. उरलेल्यातलं ती ओंजळभर प्याली.

“अवं, गोड हाये! समुद्राच्या उशाले अन् गोड!”

मी तर चक्क टाळ्या पिटल्या. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

आमचा गलका ऐकून शेजारच्या खोलीतली पुण्याची तरुण बाई धावत आली. “मावशी, मलापण द्या ना!” म्हणत तिनं गमतीगमतीत आईपुढं वाकून ओंजळ धरली.

आईचा हात बादलीवरच थांबला. लहानपणी गावात तिला पाणी मिळायचं ते असंच, ओंजळ धरून, कुणी वरून ओतेल तेव्हा. ती आता काय करते ते मी बघत राहिले.

“सरळ उभी राह्य व पोरी,” आई म्हणाली. “अशी कायले वाकतेस? हे घे बालटी. तुयाच हातानं घे.”