मास्टवरचा कोहळा

"खुर्च्या इथून हलवा!" मी ओरडलो. मांडववाल्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात आम्ही ड्रिलिंग रिग बनवायचो, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडणारं ट्रकवरचं धूड. मी सेफ्टी ऑफिसर. त्या दिवशी आयुधपूजा होती, आपली खंडेनवमी. तयार रिगचा मास्ट, म्हणजे लोखंडी मनोरा, टेस्टिंगसाठी यार्डात उभा केलेला. आणि आमच्या मालकांनी, रावसाहेबांनी, पूजेच्या खुर्च्या नेमक्या त्याच्याखाली मांडायला लावल्या होत्या.

आमच्या धंद्यात 'ड्रॉप्ड ऑब्जेक्ट' नावाचा एक राक्षस आहे. वरून पडू शकेल ते सगळं त्यात आलं. त्या उंचीवरून साधा पाना सुटला तरी हेल्मेटसकट डोकं फुटतं. म्हणून वरची प्रत्येक वस्तू पोलादी वायर रोपने बांधायची आणि खाली माणूस ठेवायचा नाही.

रावसाहेब बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. म्हणाले, "वर सगळं बांधलंय म्हणता ना? मग स्वल्प अड्जस्ट करा की हो!"

खात्री करायला मी दुर्बीण लावली. पाने बांधलेले, बोल्टांना पिना. आणि अगदी टोकाला कुंकू लावलेला, चांगला गरगरीत कोहळा. सुतळीवर!

"अण्णा, हे काय?" मी फोरमन मुनियप्पाला विचारलं.

"दृष्ट लागू नये म्हणून, सार. नवीन मशीन आहे."

"आणि पडला तर?"

"एनागल्ला, सार. काही होत नाही. देवाचा आहे."

उतरव म्हटलं तर त्याने कानांना हात लावले. पूजेआधी दृष्टीचा कोहळा उतरवणं म्हणजे अपशकुन. रावसाहेबही त्याच्याच बाजूचे. माझं टाळकंच सरकलं.

"कोहळा राहू द्या, पण माणसं हलवा. नाहीतर तुमची नोकरी तुम्हाला लखलाभ, मी चाललो!"

"सरी, सरी, बरं बाबा," म्हणत रावसाहेब उठले. खुर्च्या शेडकडे गेल्या. त्यांची स्वतःची खुर्ची मात्र त्यांनी हट्टाने तिथेच ठेवली. "पूजा संपली की मी इथेच बसणार. बघतोच कोण उठवतो ते!"

आरती झाली. आता रिवाजाप्रमाणे मशीन सुरू करायचं. मुनियप्पाने ट्रकच्या केबिनमधून इंजिन चालू केलं. मास्ट थरथरला आणि सुतळी तुटली.

धप्प!

रावसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीचे चार पाय चार दिशांना. कोहळ्याच्या बिया शेडपर्यंत उडून आमच्या अंगावर अक्षतांसारख्या पडल्या.

भटजी म्हणाले, "झालं! नाहीतरी पूजेनंतर कोहळा फोडायचाच असतो." अख्खं यार्ड खो खो हसत सुटलं. रावसाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार पडला होता.

पुढच्या वर्षी कोहळा पुन्हा वर चढलाच. पण जाळीत घालून, दुहेरी वायर रोपने बांधून. खुर्च्या कुठे मांडायच्या हे मांडववाल्याला रावसाहेब स्वतः दाखवत होते.

दृष्ट लागते की नाही, मला ठाऊक नाही. कोहळा मात्र लागतो.