घासलेली खापरं

माझी वहिनी शाळेत इतिहास शिकवते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे ती माती कालवते. मी त्याच शाळेत गणित शिकवते आणि राहतोही आम्ही एकाच घरात, त्यामुळे तिच्यापासून मला ना घरी सुटका ना दारी. पोरं तिला खापरबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि वर ती ते नाव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते.

प्राचीन संस्कृती शिकवायच्या तर पुस्तकात धडा आहे, धड्याखाली प्रश्न आहेत, प्रश्नांची उत्तरं धड्यातच आहेत. किती सरळ काम! पण सरळ काम सरळ केलं तर ती वहिनी कसली. ती बाजारातून मातीची मडकी आणते, गच्चीवर जाळ करून त्यांची बुडं काळी करते, आत धान्य करपवते आणि मग तीच मडकी गोणपाटात घालून हातोडीनं फोडते. शेजारच्यांना वाटतं, आमच्याकडे भांडणं चालतात. ही खापरं फळांच्या लाकडी खोक्यांत माती, राख, वाळू अशा थरांत पुरायची आणि वर्गात मुलांनी ब्रश-चमच्यांनी हळूहळू उकरून काढायची. कुठलं खापर कुठल्या थरात सापडलं ते कागदावर मांडायचं, आणि इथली माणसं कोण होती, त्यांचं पुढे काय झालं, हे पुराव्यानिशी सांगायचं. शहर अर्थात वहिनीच्याच डोक्यातलं. मुलांचा शोध चालू असताना बाईंनी तोंड उघडायचं नाही, हा तिचाच नियम. हा नियम तिनं घरी पाळला असता तर मी तिचे पाय धरले असते.

आईचं आणि या खोदकामाचं कधीच जमलं नाही. आई म्हणजे स्वच्छतेचा कहर. पाहुण्यांसमोर डाग पडलेला पेला गेला तर तिला अन्न गोड लागत नाही. शिकलीसवरलेली बाई आणि चिखलात हात घालून बसते, असं ती भिंतीला सांगत असते, वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं. वहिनी ऐकते आणि मडकी फोडत राहते.

यंदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. मुख्याध्यापकांनी वहिनीला बोलावून सांगितलं की मुलं शाळेत शिकतात की खेळतात, असं पालक विचारायला लागलेत. एक तास ते स्वतः मागच्या बाकावर बसून बघणार होते. मुलं काही शिकताना दिसली नाहीत, तर पुढच्या सत्रापासून खोकी बंद आणि त्या तासाला प्रश्नोत्तरांचा सराव. जेवताना वहिनीनं हे सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला होता. एरवी मी तिची फिरकी घेतल्याशिवाय राहत नाही, पण तेव्हा मी नुसती तिच्या पानात भाजी वाढली. खोकी गेली तर ही नुसते धडे वाचून दाखवणार आणि आतून मिटून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. आई खाली मान घालून जेवत होती.

त्या तासासाठी वहिनीनं आगीत सापडलेलं शहर रचलं. काजळी धरलेली खापरं, त्यांना आतून चिकटलेले करपलेले दाणे. खापरांचं पोतं तिनं मागच्या दाराशी ठेवलं आणि खोकी भरायचं काम नेहमीप्रमाणे दादावर सोपवलं, कारण तिला पेपर तपासायचे होते. दादा तिनं काढून दिलेल्या नकाशाबरहुकूम खोकी भरतो, तसूभर इकडचं तिकडे करत नाही. पण हातातलं खापर काळं आहे की स्वच्छ, हे बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय बघणं आमच्या दादाच्या स्वभावात नाही.

माझा तास रिकामा होता, म्हणून मीही वर्गात जाऊन बसले. पहिलं खापर वर आलं. ते काढणाऱ्या मुलीनं माती झटकली आणि आतून मडक्याचा लख्ख तुकडा निघाला. दुसरा निघाला, तोही लख्ख. काजळीचा पत्ता नाही, दाण्यांचा मागमूस नाही. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर एकच बाई उभी राहिली, हातात घासणी घेतलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला वाटलं, आता तरी हिनं नियम गुंडाळून ठेवावा आणि घोटाळा झाल्याचं सरांना सांगून टाकावं. पण बाईसाहेब ओठ मिटून उभ्या. मागे सर पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

मुलांचे तर्क सुरू झाले. एक गट म्हणाला, माणसं श्रीमंत असणार, घरात नोकरचाकर असणार. दुसरा म्हणाला, पूर आला आणि सगळं धुऊन निघालं. पहिलं खापर काढणारी मुलगी, जी गणितात माझी रोज बोलणी खाते, ती मात्र तो एकच तुकडा डोळ्यांशी धरून उलटासुलटा करत बसली होती. शेवटी ती उठून सांगायला लागली. काठाखालच्या खाचेत काळं अजून थोडं राहिलंय, म्हणजे हे मडकं चुलीवर चढलेलं आहे. घासल्याचे ओरखडे वरून निघून थेट तुटलेल्या कडेवर उतरलेत, म्हणजे ते फुटल्यानंतर कुणीतरी घासलंय. पुराच्या पाण्याला असं घासता येत नाही. मी मनातल्या मनात तिचे चार गुण वाढवले.

सरांनी मागून विचारलं, "फुटलेलं मडकं कुणी कशाला घासेल?"

मुलगी जरा अडखळली. "वापरायला नाही, सर. हे चार लोकांत जाणार, हे घासणारीला माहीत होतं. माझी आई माझे फाटके बूटसुद्धा पुसून देते."

हे उत्तर बरोबर आहे का, असं सरांनी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली की तिचं स्वतःचं उत्तर आगीचं होतं, पण पुरावा या मुलीच्या बाजूनं आहे, तेव्हा बरोबर हेच. मग घासणारी कोण, तेही तिनं सांगून टाकलं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना एवढंच म्हणाले की खोकी राहू द्या, पालकांशी मी बोलतो.

संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनंच घरात शिरले. वहिनीनं मला हातानं मागे सारलं, स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि आईला वर्गात काय काय झालं ते सगळं सांगितलं. ती काजळीच त्या धड्याचा जीव होती, हे ऐकून आई अगदी कानकोंडी झाली. हातातलं फडकं ती उगाचच घडी करत राहिली.

"मला काय कळतंय तुमचं खोदकाम," ती म्हणाली. "सर बघायला येणार म्हणालीस ना. तसली काळीकुट्ट खापरं घेऊन गेली असतीस, तर त्यांना वाटलं असतं, हिच्या मागे घरात कुणी नाहीच."